आई-बाबांसाठी मोबाइल गेम निवडताय? एका वेळी एकच नवी गोष्ट द्या

घरातल्या ज्येष्ठांना गेम शिकवायचा प्रयोग बहुतेक घरांत एकाच पद्धतीने फसतो. आई विचारते, "तू सारखं काय खेळत असतेस? मलाही दे टाकून." मुलगी उत्साहाने स्वतःचा आवडता गेम टाकते, दहा मिनिटं भराभरा समजावते, मध्येच "थांब, मी दाखवते" म्हणत फोन काढून घेते आणि एक लेव्हल पार करून परत देते. तिसऱ्या दिवशी तो आयकॉन कोपऱ्यात पडलेला असतो आणि घरात निकाल लागलेला असतो: "आमच्या वयाला नाही हो जमत हे."

यात वयाचा दोष कमी आणि निवडीचा जास्त असतो. कुठल्याही गेममध्ये खरं तर दोन गोष्टी शिकायच्या असतात. एक, खेळाचे नियम. दुसरी, तो खेळ बोटांनी चालवायचा कसा. लहानपणापासून खेळणाऱ्यांना ही दुसरी गोष्ट दिसतच नाही, कारण ती हातात मुरलेली असते. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मात्र दोन्ही एकदम शिकाव्या लागतात, तेही समोर घड्याळ टिकटिकत असताना.

सॉलिटेअरने काय शिकवलं?

हे कोडं कॉम्प्युटरच्या दुनियेत एकदा सुटलेलं आहे. १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज ३.० आलं, तेव्हा त्याच्यासोबत सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ मोफत मिळाला. वेस चेरी नावाच्या इंटर्नने तो लिहिला होता. त्या काळात माऊस लोकांना नवा होता. एखादी गोष्ट पकडायची, ओढत न्यायची आणि सोडायची, ही क्रिया शिकवायला पत्त्यांपेक्षा सोपं साधन नव्हतं. पत्ते काय असतात हे सगळ्यांना माहीत होतं. नवा होता तो फक्त माऊस. आपल्याकडे बँका आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर आले, तेव्हा साहेबांची पाठ वळली की हाच खेळ उघडायचा. आज निवृत्त झालेल्या अनेकांची व्हिडिओ गेमशी पहिली ओळख तीच आहे, फक्त ते त्याला 'गेम' म्हणत नाहीत.

निन्टेंडोने २००६ मध्ये 'वी स्पोर्ट्स' आणला तेव्हा हीच युक्ती वेगळ्या अंगाने वापरली. हातातला रिमोट टेनिसच्या रॅकेटसारखा फिरवायचा, बस्स. बटणांची जुळवाजुळव शिकायची गरज नव्हती. त्यामुळे कधीही गेम न खेळलेले आजी-आजोबाही त्यावर बोलिंग खेळू लागले. भारतात हा कन्सोल फारसा पसरला नाही, पण त्यातला धडा आपल्याही कामाचा आहे.

खेळ ओळखीचा असेल तर हाताळणी नवी चालेल. हाताळणी हातात बसलेली असेल तर खेळ नवा चालेल. दोन्ही नवे असतील तर आई-बाबा फोन बाजूला ठेवणार, आणि ते योग्यच करतील.

'सबवे सर्फर्स'सारखे धावण्याचे गेम म्हणूनच पहिल्या दिवशी नकोत. नियम सोपे वाटतात, पण बोट कुठल्या दिशेला सरकवायचं हे ठरवायला अर्धा सेकंदच मिळतो. 'बीजीएमआय'सारख्या शूटिंग गेममध्ये डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान फिरवायची आणि मधेच गोळी झाडायची. कॅमेरा सतत फिरत असल्याने काहींना त्यात चक्कर आणि मळमळही होते. ज्यांनी आयुष्यभर स्कूटरचा क्लच, गिअर आणि ब्रेक एकत्र सांभाळला, त्यांना हे कधीच जमणार नाही असं अजिबात नाही. पण स्कूटर हातात बसायलाही काही आठवडे गेले होते, आणि तेव्हा मैदान रिकामं होतं.

ओळखीचे खेळ, पण सगळेच सोपे नाहीत

सुरुवातीला लुडो सगळ्यात बिनधोक. हा खेळ मुळात आपल्या पचिसीचाच इंग्रजी अवतार. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये लुडो या नावाने त्याचं पेटंट घेतलं गेलं. सोंगट्या, फासा, घर, मारणं हे सगळं आधीच ठाऊक असतं. फोनवर करायचं एवढंच: फाशावर एक टिचकी, सोंगटीवर दुसरी टिचकी. नवी मुंबईतल्या गेमेशन या कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोहोचला. त्यात इंटरनेटशिवाय कॉम्प्युटरविरुद्ध खेळता येतं आणि एकच फोन हातोहात फिरवूनही खेळता येतं. शिकताना हेच दोन प्रकार वापरा. अनोळखी लोकांसोबतचा ऑनलाइन डाव नंतर कधीतरी.

कॅरमबाबत मात्र जरा जपून. घरातले बाबा सोसायटीच्या स्पर्धा जिंकलेले असतील तर फोनवरचा कॅरम त्यांना आवडेलच असं नाही. खऱ्या कॅरममध्ये स्ट्रायकर बोटाने टोलवायचा असतो. फोनवर तो मागे ओढून सोडायचा असतो, म्हणजे हाताला अगदी उलटी सवय. जाणकाराला हा फरक नवख्यापेक्षा जास्त खटकतो. शिवाय 'कॅरम पूल'सारख्या लोकप्रिय गेममध्ये समोर ऑनलाइन स्पर्धक असतो आणि चाल ठराविक वेळेत करावी लागते. सुरुवातीला दोन्ही टाळलेले बरे.

पेपरातलं सुडोकू नेमाने सोडवणाऱ्यांना फोनवरचं सुडोकू लगेच जमतं. फक्त चूक झाली की लाल रंग दाखवून 'तीन चुका, गेम ओव्हर' म्हणणारं ॲप निवडू नका, किंवा सेटिंगमध्ये ते बंद करता येतं का बघा. पेन्सिलने खोडायची सवय असलेल्या माणसाला तो अपमान वाटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बुद्धिबळ येत असेल तर 'लिचेस' उत्तम. ही ना-नफा तत्त्वावर चालणारी सेवा आहे. त्यात जाहिरात नाही, पैसे मागणं नाही, आणि कॉम्प्युटरची ताकद आठ पातळ्यांतून निवडता येते. पहिली पातळी निवडा. पहिल्याच दिवशी सात वेळा हरल्यावर कोणाला परत खेळावंसं वाटेल?

ज्यांना यातलं काहीच खेळायचं नाही, पण क्रिकेट बघायला आवडतं, त्यांच्यासाठी गूगलचा २०१७च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या वेळचा डूडल गेम शोधा. त्यात रातकिडे आणि गोगलगायी क्रिकेट खेळतात. बॅट फिरवायला एकच टिचकी लागते. इन्स्टॉल करावा लागत नाही, ब्राउझरमध्येच उघडतो. 'टचस्क्रीनवर वेळ साधून टिचकी मारणं' एवढं एकच कौशल्य शिकवायचं असेल तर यापेक्षा हलकाफुलका गेम क्वचितच सापडेल.

गेमच्या आधी फोन नीट लावा

अनेकदा गेम ठीक असतो, पण फोन त्रास देत असतो. मोबाइलची स्क्रीन बोटातून जाणवणाऱ्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालते. वय वाढलं की त्वचा कोरडी होते आणि तो बदल स्क्रीनला नीट जाणवत नाही. वर जाड स्क्रीनगार्ड असेल तर आणखी पंचाईत. आई जोरात दाबते, बोट जास्त वेळ टेकवून ठेवते, आणि फोनला वाटतं की तिला 'दाबून धरायचं' आहे. मग भलताच मेन्यू उघडतो. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'दाबून धरण्या'चा वेळ वाढवता येतो, आयफोनमध्येही टचसाठी तशी सोय आहे. काही फोनमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायचं बटणही असतं. हा बदल दोन मिनिटांत होतो आणि अर्धी चिडचिड कमी करतो.

दुसरी अडचण कडेची. हल्लीच्या फोनमध्ये स्क्रीनच्या कडेवरून बोट सरकवलं की ॲप मागे जातं. पत्ता कडेपर्यंत ओढताना गेमच बंद होतो आणि आपण काय चुकलो हे कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन खाली तीन बटणं दिसणारा जुना प्रकार लावून द्या. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन एकाच ॲपवर 'पिन' करता येते, आयफोनवर त्याला 'गाइडेड ॲक्सेस' म्हणतात. चुकून बाहेर पडण्याचा प्रश्नच मिटतो.

डोळ्यांचं गणितही वेगळं असतं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे निळ्या-जांभळ्या छटांमधला फरक पुसट होतो. मोतीबिंदू असेल तर फिकट पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरं दिसतच नाहीत. गेम निवडताना त्याचे फोटो तुमच्या डोळ्यांनी नाही, त्यांच्या चष्म्यातून दाखवून विचारा: यातला हिरवा आणि निळा वेगळा दिसतो का? घरात जुना टॅबलेट पडून असेल तर तो साफ करून द्या. दहा इंची स्क्रीनवरचा साधा गेम सहा इंचीवरच्या भारी गेमला मागे टाकतो.

खरा धोका 'मोफत' या शब्दात

इथे मात्र घाई करू नका. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: जाहिराती आहेत का, आणि ॲपमध्ये खरेदी आहे का. बहुतांश मोफत गेममध्ये दोन्ही असतात. तरुण खेळाडूला जाहिरात म्हणजे पाच सेकंदांचा वैताग. नवख्याला जाहिरात कुठे संपते आणि गेम कुठे सुरू होतो हेच कळत नाही. बंद करायची फुली नखाएवढी असते, कधी उशिरा येते, कधी जाहिरातीतच खोटी फुली काढलेली असते. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असं दाखवणाऱ्या पट्टीवर विश्वास ठेवून भलतंच ॲप टाकलं जातं. झटपट कर्जाच्या जाहिराती त्याहून वाईट.

आता 'कँडी क्रश सागा'चं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये आलेला हा गेम आजही ज्येष्ठांमध्ये लाडका आहे. रंग ठळक, क्रिया एकच, नियम चटकन कळणारे. त्यात पाच 'लाइफ' मिळतात, आणि संपल्या की एक लाइफ परत यायला साधारण अर्धा तास लागतो. शिस्तीच्या माणसाला ही सक्तीची विश्रांती बरीच म्हणायची. पण लेव्हल अगदी थोडक्यात हुकली की त्याच क्षणी स्क्रीनवर पर्याय येतो: सोन्याच्या विटा वापरा आणि पुढे खेळा. त्या विटा संपल्या की खऱ्या पैशांनी विकत घ्यायच्या. ज्याला गेममधली नाणी आणि बँकेतले पैसे यांतला फरक अजून सरावाचा नाही, त्याच्यासाठी हे बटण निसरडं आहे.

म्हणून गेम देण्याआधी चार कामं उरकून घ्या. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी सक्तीची करा. आयफोन असेल तर 'स्क्रीन टाइम'मधून ॲपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते. त्या गूगल खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर काढून टाका. आणि गेमची नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर रात्री अकरा वाजता 'तुमच्या लाइफ भरल्या' असं सांगत फोन टुणकन वाजतो. इतकं करूनही चुकून खरेदी झालीच, तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करा. पैसे परत मिळण्याची शक्यता तेव्हा जास्त असते.

जाहिराती टाळायचा फुकटातला उपाय म्हणजे इंटरनेटशिवाय चालणारा गेम निवडून खेळताना मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करणं. फ्लाइट मोड नको, फोन येणं बंद होतं आणि मग मुलं घाबरतात. थोडे पैसे घालायची तयारी असेल तर 'गूगल प्ले पास' आणि 'ॲपल आर्केड' या महिन्याच्या वर्गणीच्या सेवांमधल्या गेममध्ये जाहिरात नसते आणि वेगळी खरेदीही करावी लागत नाही. घरात नेटफ्लिक्स असेल तर त्याच वर्गणीत मोबाइल गेमही मिळतात, आणि त्यांनाही हेच लागू आहे. अनेकांना हे माहीतच नसतं.

रमीबद्दल स्वतंत्रपणे बोलावंच लागेल. घरोघरी मेंढीकोट, बदाम सात आणि रमी रंगलेली असते, त्यामुळे बाबा प्ले स्टोअरवर किंवा गूगलवर 'रमी' शोधणार हे नक्की. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. मग तो गेम कौशल्याचा असो की नशिबाचा. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तरीही व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरून आलेल्या लिंकवर 'जिंका आणि थेट खात्यात मिळवा' असं सांगणारी ॲप्स सापडू शकतात. घरात एक नियम पक्का ठेवा: गेम फक्त अधिकृत ॲप स्टोअरमधूनच, फॉरवर्ड आलेल्या फाइलमधून कधीच नाही. दुसरा नियम: पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे देतानाच. 'बक्षीस घेण्यासाठी पिन टाका' असं कुणी म्हणालं की समजायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. हा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला तरी चालेल. आणि गेले तर ओरडू नका. ओरडा खायच्या भीतीने दोन दिवस लपवलेला व्यवहार परत मिळवणं फार अवघड होऊन बसतं.

गेम खेळून स्मृती वाढते का?

'ब्रेन ट्रेनिंग' नावाखाली ज्येष्ठांना सगळ्यात जास्त गेम विकले जातात, म्हणून हा प्रश्न. अमेरिकेत 'लुमॉसिटी' या ॲपच्या कंपनीने असेच दावे केले होते: विसरभोळेपणा कमी होईल, वयाबरोबर येणारी बौद्धिक घसरण लांबेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. दुसऱ्या बाजूला, २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. खास तयार केलेला ड्रायव्हिंगचा गेम महिनाभर खेळल्यावर ६० ते ८५ वयाच्या लोकांची एकाच वेळी दोन कामं करण्याची क्षमता सुधारली, असं त्यात दिसलं. पण तो प्रयोगशाळेतला गेम होता, प्ले स्टोअरवरचा कुठलाही गेम नव्हे. डिमेन्शियाची शंका असेल तर सुडोकू नाही, डॉक्टर.

आनंद मिळतो म्हणून खेळणं हे कारण पुरेसं आहे. त्याला औषधाचं लेबल लावलं की आई तो गेमही गोळीसारखाच नाइलाजाने खेळते.

शिकवताना फोन हातातून काढू नका

पहिल्या दिवशी एकच गेम, पंधरा मिनिटं. शेजारी बसा, समोर नको, म्हणजे दोघांना स्क्रीन एकाच बाजूने दिसते. बोटाने दाखवा, पण फोन त्यांच्याच हातात राहू द्या. सुचना 'वर उजवीकडचं पिवळं बटण' अशा द्या. 'होमवर जा', 'स्किप कर' हे शब्द तुमच्या पिढीचे. गेम चालू करायच्या आणि बंद करायच्या पायऱ्या त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहून घेतल्या तर दुसऱ्या दिवशी कुणाला विचारावं लागत नाही.

आणि 'सोपं' म्हणजे 'बालिश' नव्हे. कार्टूनचे आवाज काढणारे, दर टिचकीला टाळ्या वाजवणारे गेम अनेक ज्येष्ठांना आवडत नाहीत. जपानच्या हामाको मोरी या आजींनी १९८१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर गेम खेळायला सुरुवात केली. २०२० मध्ये वयाच्या नव्वदीत त्यांची सर्वांत ज्येष्ठ गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. त्यांच्या आवडीत 'कॉल ऑफ ड्यूटी'सारखे मारधाडीचे गेमही आहेत. आवड कुठे वळेल हे आधी ठरवून टाकू नका, विचारा.

मुलं दूर राहत असतील तर गेम हे बोलायचं निमित्तही होतं. 'जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का' यापुढे न सरकणारा फोन लुडोच्या डावावर तासभर चालतो. 'लुडो किंग'मध्ये खोलीचा कोड पाठवून फक्त घरच्यांचा डाव मांडता येतो. मुलगा न्यू जर्सीत असेल तर वेळा जुळत नाहीत, तिथे आणि इथे ऋतूनुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक असतो. अशा घरांसाठी 'लिचेस'वरचा पत्रव्यवहारासारखा बुद्धिबळाचा डाव सोयीचा. एका चालीला एक ते १४ दिवसांची मुदत ठेवता येते. बाबा सकाळच्या चहाबरोबर एक चाल करतात, मुलगा तिथे त्याच्या सकाळी उत्तर देतो.

खेळ अति होतोय का, हेही बघत राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, गेमिंगच्या व्यसनाची नोंद आहे. ती तासांवर ठरत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी कामं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं, ही तिची लक्षणं. झोप, फिरायला जाणं आणि शेजारच्या काकूंकडचा चहा पूर्वीसारखा चालू असेल तर दुपारचे दोन तास कँडी क्रश खेळल्याने काही बिघडत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी टिचकी मारणं आणि ओढून सोडणं हाताला सरावाचं झालं की मग नवे खेळ द्या. 'अनपॅकिंग' हा २०२१ मध्ये आलेला गेम आता मोबाइलवरही मिळतो. घर बदलल्यावर खोकी उघडून एकेक वस्तू जागेवर लावायची, एवढंच त्यात आहे. वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत, वाचायला फारसं काही नाही. 'मॉन्युमेंट व्हॅली'त पूल आणि जिने फिरवून वाट शोधायची असते आणि एक कोडं हवा तितका वेळ बघत बसता येतं. 'आल्टोज ओडिसी'मध्ये वाळूच्या टेकड्यांवरून घसरत जायचं, उडी मारायला स्क्रीनवर कुठेही टिचकी मारायची. त्यातला 'झेन मोड' शोधून तोच चालू करून द्या. पडलं तरी गेम संपत नाही, उठून पुढे चालू होतो.